‘येतो’, ‘येतोय’, ‘येईन’, ‘येणार आहे’: पुढचे बेत बोलक्या इंग्रजीत कसे सांगायचे

संध्याकाळच्या इंग्रजी वर्गात पहिल्या दिवशी मी एकच वाक्य देते: ‘मी तुला सहा वाजता घ्यायला येतो.’ बहुतेक वह्यांत उत्तर असतं, ‘आय विल पिक यू ॲट सिक्स.’ वाक्य दिसायला नीटनेटकं आहे. फक्त त्याचा अर्थ ‘सहा वाजता मी तुला निवडीन’ असा होतो. ऐकणारी मोगऱ्याची कळी असेल तर ‘खुडीन’ असाही. राहून गेला तो एवढासा ‘अप’. ‘आय'ल पिक यू अप ॲट सिक्स’ म्हटलं की गाडी दारात येते.

साध्या क्रियापदाला असा ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’, ‘बॅक’ चिकटला आणि अर्थ बदलला की त्याला फ्रेजल व्हर्ब म्हणतात. नाव भारदस्त असलं तरी सवय आपल्याला आहेच. ‘हाती घेणे’, ‘मागे घेणे’, ‘मनावर घेणे’ यांत ‘घेणे’ एकच आहे, पण कामं तीन. ‘लिहितो’ आणि ‘लिहून टाकतो’ यांतला फरक आपल्याला कुणी शिकवलेला नाही, तो कानाला कळतो. इंग्रजीतही हे प्रकरण कानानंच सुटतं. म्हणून खालची इंग्रजी वाक्यं मी मुद्दाम देवनागरीत लिहिली आहेत. ती मोठ्यानं म्हणत पुढे जा.

पायरी 1: आधी मराठी वाक्य ऐका

बेत सांगताना चूक होते ती बहुधा फ्रेजल व्हर्बच्याही आधी, काळाच्या जागी. ‘भविष्यकाळ म्हणजे विल’ असं शाळेत डोक्यात बसलेलं असतं आणि मग सगळीकडे विलच विल. खरं तर तुमच्या मराठी वाक्याला उत्तर आधीच ठाऊक असतं.

आजीची औषधं तिच्याकडे नेऊन द्यायची आहेत, असं समजा. ‘नेऊन देणे’ म्हणजे ‘ड्रॉप ऑफ’.

आई म्हणाली, ‘अगं, आजीची औषधं इथेच राहिली!’ तुम्ही तिथल्या तिथे म्हणता, ‘थांब, मी देऊन येते.’ हे आत्ता, या क्षणी ठरलं, म्हणून विल: ‘आय'ल ड्रॉप देम ऑफ.’

कालच मनाशी ठरवलेलं असेल तर मराठीत ‘देणार आहे’ येतं. इंग्रजीत ‘गोइंग टू’: ‘आय'म गोइंग टू ड्रॉप देम ऑफ टुमॉरो.’

आजीशी बोलणं झालंय, पाचची वेळ ठरलीय, तर तुम्ही म्हणाल ‘उद्या पाचला देतेय’. मराठीनं इथे चालू वर्तमानकाळ वापरला. इंग्रजीही तेच करते: ‘आय'म ड्रॉपिंग देम ऑफ ॲट फाइव्ह.’

आणि राहूनच गेलं तर? ‘अगं, देणार होते...’ त्यालाही जोड तयार आहे: ‘आय वॉज गोइंग टू ड्रॉप देम ऑफ, बट...’ या ‘बट’नंतर काय सांगायचं, ते ज्याचं त्यानं पाहावं.

चारही वाक्यांत ‘ऑफ’ जागचा हलला नाही, बदललं फक्त क्रियापदाचं रूप. नवशिक्यांना इथेच हायसं वाटतं, कारण पाठ करायचा तुकडा एकच असतो.

यात एक खड्डा आहे आणि तो खास आपला आहे. मराठीत शब्द देताना आपण साधा वर्तमानकाळ वापरतो: ‘नंतर फोन करतो’, ‘बघून सांगतो’. ते जसंच्या तसं नेलं की ‘आय कॉल यू बॅक’ होतं. इंग्रजी कानाला हे ‘मी तुला उलट फोन करत असतो’ असं रोजच्या सवयीसारखं ऐकू येतं. आश्वासन द्यायचं असेल तर तो अर्धा ‘ल’ हवाच: ‘आय'ल कॉल यू बॅक.’ पूर्ण ‘आय विल’ बोलताना क्वचितच येतं. ते आलं की ‘करीन म्हटलं ना!’ असा सूर लागतो.

‘गोइंग टू’चं घाईत ‘गना’ होतं. ऐकून समजायला ते शिकाच. वापरायचं असेल तर एवढं सांभाळा की त्याच्यापुढे क्रियापद येतं, गाव येत नाही. ‘आय'म गना सेट ऑफ’ चालतं, पण ‘आय'म गना कोल्हापूर’ नाही. कोल्हापूरला जायचं असेल तर ‘आय'म गोइंग टू कोल्हापूर’.

पायरी 2: थोडीच घ्या, पण रोज लागणारी

पुस्तकांत शेकड्यांनी याद्या असतात. त्या पाठ करणाऱ्याला तिसऱ्या दिवशी झोप येते, हे मी पुष्कळदा पाहिलंय. बेत सांगायला सुरुवातीला पंधरा-वीस पुरतात.

घरातून निघणं म्हणजे ‘सेट ऑफ’ किंवा ‘हेड आउट’. आत्ता निघतोच आहे, पायात चपला सरकवल्यात, तर ‘आय'म जस्ट अबाउट टू हेड आउट’. (पायात चपला नसतानाही लोक हे म्हणतात. दोन्ही भाषांत.) घरी किंवा मुक्कामी पोहोचणं ‘गेट इन’, परत येणं ‘गेट बॅक’. जाता जाता कुणाकडे डोकावणं ‘ड्रॉप बाय’, कुणाच्या घरी येणं ‘कम ओव्हर’, भेटणं ‘मीट अप’, आणि बऱ्याच दिवसांच्या गप्पा राहिल्यात त्या मारणं ‘कॅच अप’. ‘टर्न अप’ला तर मराठीत सुरेख जोड आहे: उगवणे. ‘तो आठला उगवेल’ म्हणजे ‘ही'ल टर्न अप ॲट एट’, आणि त्यातला किंचित वैतागही तिकडे जाऊ शकतो.

घरीच थांबणं ‘स्टे इन’, बाहेर जेवणं ‘ईट आउट’. भाड्याचं घर बदलताना आपण ‘शिफ्ट होतोय’ म्हणतो. बाहेरच्यांशी बोलताना जुनं घर सोडणं ‘मूव्ह आउट’, नव्या घरात जाणं ‘मूव्ह इन’.

संकल्पांसाठी वेगळा डबा ठेवा. नवं काही सुरू करणं, म्हणजे पोहणं, तबला, बागकाम, हे ‘टेक अप’. कमी करणं ‘कट डाउन ऑन’, सोडून देणं ‘गिव्ह अप’, नाव नोंदवणं ‘साइन अप फॉर’, पैसे बाजूला काढून ठेवणं ‘सेट असाइड’. संकल्प बहुधा ‘गोइंग टू’ घेऊनच येतो: ‘आय'म गोइंग टू कट डाउन ऑन शुगर.’ चहात साखर घालता घालता म्हणायचं वाक्य.

एक सूचना. ‘पिकअप’, ‘ड्रॉप’, ‘चेकआउट’, ‘बॅकअप’ हे शब्द मराठीत नाम म्हणून रुळले आहेत, त्यामुळे ते येतातच असं वाटतं. पण ‘मला स्टँडवर ड्रॉप कर’ याचं ‘ड्रॉप मी’ केलं, तर हातातून बशी पडावी तसं तुम्हाला पाडा, असं ऐकू येण्याचा धोका आहे. ‘ड्रॉप मी ऑफ’ म्हणा. आणि नाम असताना जोर पहिल्या तुकड्यावर असतो, ‘*पिक*अप’. क्रियापद होतं तेव्हा जोर बहुधा शेपटीवर जातो, ‘पिक यू *अप*’. शेपटी खाल्ली की वाक्य अर्धवट वाटतं.

पायरी 3: ‘इट’ची जागा

‘बैठक रद्द करणार आहे’ म्हणजे ‘आय'म गोइंग टू कॉल ऑफ द मीटिंग’. ‘कॉल द मीटिंग ऑफ’ म्हटलं तरी बरोबर. पण ‘ती’ रद्द करायची असेल तर ‘इट’ मध्येच बसतं: ‘कॉल इट ऑफ’. ‘कॉल ऑफ इट’ कुणी म्हणत नाही. ‘पिक अप हिम’ नाही, ‘पिक हिम अप’.

उलट काही जोड्या सुटतच नाहीत. ‘यात लक्ष घालतो’ म्हणजे ‘आय'ल लुक इंटू इट’. इथे ‘लुक इट इंटू’ होत नाही. तीन तुकड्यांच्या, म्हणजे ‘कट डाउन ऑन’, ‘गेट बॅक टू’ अशा, बेतांना लागणाऱ्या जोड्याही फुटत नाहीत. ‘इट’ शेवटी.

कुठली सुटते आणि कुठली नाही याचे नियम व्याकरणात आहेत, पण बोलताना नियम आठवायला वेळ कुणाला असतो? मी वर्गात एक युक्ती वापरते: फ्रेजल व्हर्ब कधीच एकटं पाठ करायचं नाही, ‘इट’सकट करायचं. वहीत ‘पुट ऑफ’ लिहायचं नाही, ‘पुट इट ऑफ’ लिहायचं. ‘सॉर्ट इट आउट’, ‘लुक इंटू इट’, ‘कॉल इट ऑफ’, ‘कट डाउन ऑन इट’. दहा वेळा म्हटलं की जीभच जागा दाखवते.

पायरी 4: पुढे म्हणजे नक्की कुठे?

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल, तर हे ठेवा.

माझी एक विद्यार्थिनी पुण्यात नोकरी करते, तिचे वरिष्ठ इंग्लंडमध्ये बसतात. मंगळवारी कामाचा आढावा होता. शुक्रवारी निरोप आला: ‘वी'र ब्रिंगिंग द रिव्ह्यू फॉरवर्ड बाय अ डे.’ फॉरवर्ड म्हणजे पुढे, म्हणजे बुधवार, असा हिशेब करून ती निवांत राहिली. शनिवार-रविवार गावी गेली, सोमवारी दुपारची बस धरली. आढावा सोमवारी सकाळी झाला, तिच्याविना.

चूक तिच्या इंग्रजीची नव्हतीच, तिची मराठी पक्की होती. आपण बैठक ‘पुढे ढकलतो’ तेव्हा ती लांबते. इंग्रजीत ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणजे अलीकडे ओढणं: मंगळवारची सोमवारी. आणि लांबवायची असेल तर ती ‘बॅक’ जाते. अमेरिकेत ‘पुश बॅक’ म्हणतात, ब्रिटनमध्ये ‘पुट बॅक’ही ऐकू येतं. म्हणजे आपलं ‘पुढे’ ते त्यांचं ‘बॅक’. अमेरिकी माणूस अलीकडे आणण्याला ‘मूव्ह अप’ म्हणतो, म्हणजे तिसरीच दिशा.

‘मूव्ह फॉरवर्ड’ तर आणखी फसवं. इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांतही त्याचे दोन्ही अर्थ घेणारे लोक आहेत. म्हणून मी एक सवय लावते: दिशा कुणीही सांगो, वार उच्चारून घ्यायचा. ‘सो इट'स मंडे नाऊ, राइट?’ पाच शब्द खर्ची पडतात, आढावा वाचतो. आणि स्वतः सांगताना दिशेबरोबर वार जोडायचाच: ‘वी'र पुशिंग इट बॅक टू फ्रायडे.’

दिशेचा गोंधळच नको असेल तर ‘पुट ऑफ’ घ्या. त्यात फक्त लांबणं आहे. ‘लेट'स पुट इट ऑफ टिल फ्रायडे.’ आणि ‘पुट ऑफ’ व ‘कॉल ऑफ’ यांची गल्लत करू नका. पहिल्यात साखरपुडा पुढच्या महिन्यात जातो, दुसऱ्यात मोडतो. ठरवून कुणी मोडलं नाही, आपोआपच फिसकटलं, बारगळलं, तर ‘फॉल थ्रू’.

आता ‘प्रीपोन’. भारतात सगळ्यांना कळतो आणि शब्द म्हणून मला तो आवडतोही. ‘पोस्टपोन’ आहे तर ‘प्रीपोन’ का नसावा? पण परदेशातल्या पुष्कळ लोकांनी तो ऐकलेला नसतो. तिथे ‘ब्रिंग फॉरवर्ड’, आणि सोबत वार.

असे आणखी दोन देशी शब्द इथेच उरकते. ‘आय विल रिव्हर्ट’ आपल्याकडे ‘कळवतो’ या अर्थानं चालतं. बाहेर ‘रिव्हर्ट’चा रूढ अर्थ पूर्वस्थितीला जाणं असा आहे. ‘आय'ल गेट बॅक टू यू’ म्हणा. दुसरा शब्द मुलाखतीत घात करतो. ‘आय'म गोइंग टू पास आउट इन मे’ हे आपल्यासाठी ‘मे महिन्यात पदवी हातात पडेल’. लंडनमधला माणूस मात्र विचारात पडेल, की ही मुलगी बेशुद्ध पडायचा महिना आधीच कसा सांगतेय! (सैन्यातल्या ‘पासिंग आउट परेड’मध्ये प्रशिक्षण संपण्याचा अर्थ आहे, ते वेगळं.) ‘आय'ल ग्रॅज्युएट इन मे’ पुरे. प्रत्येक ठिकाणी फ्रेजल व्हर्ब हवंच असंही नाही.

पायरी 5: ‘पोहोचलो की कळवतो’

हे मराठी वाक्य पुन्हा वाचा. पोहोचायचंय अजून, पण आपण म्हणतो ‘पोहोचलो’, भूतकाळ! ‘पोहोचेन की कळवीन’ कुणी म्हणत नाही. म्हणजे ‘की’च्या अलीकडे भविष्यकाळ नको, हे मराठीलाही पटलेलं आहे. इंग्रजीत तिथे साधा वर्तमानकाळ येतो: ‘आय'ल कॉल यू व्हेन आय गेट इन.’ ‘व्हेन आय विल गेट इन’ ही चूक वर्गात दर आठवड्याला होते. ‘इफ’, ‘वन्स’, ‘ॲज सून ॲज’, ‘बिफोर’, ‘अनटिल’, सगळ्यांना हाच न्याय. ‘पाऊस थांबला की निघू’ म्हणजे ‘वी'ल सेट ऑफ वन्स द रेन लेट्स अप’. ‘लेट अप’ म्हणजे जोर ओसरणं. जुलैत कोकणात राहणाऱ्यांनी हे आधी शिकावं.

पायरी 6: शब्द किती वजनाचा?

आपल्याकडे ‘बघू’, ‘बघतो’, ‘बघून सांगतो’ आणि ‘करून टाकतो’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो समोरच्याला न सांगता कळतो. इंग्रजीतही अशी उतरंड आहे. नवशिक्या ती न ओळखता एखाद्याच्या ‘बघू’वर विसंबून बसतो.

सगळ्यात हलकं ‘आय'ल गेट राउंड टू इट’, अमेरिकेत ‘गेट अराउंड टू इट’. याला मराठीत ‘मुहूर्त लागणे’. ‘माळा आवरायचाय, पण मुहूर्त लागेना’ म्हणजे ‘आय हॅवन्ट गॉट राउंड टू इट’. कुणी तुमच्या कामाबद्दल ‘आय'ल गेट राउंड टू इट’ म्हणालं, तर मुहूर्त पंचांगातही सापडणार नाही असं धरून चाला. ‘आय'ल लुक इंटू इट’ म्हणजे ‘लक्ष घालतो’. माणूस प्रामाणिक असेल, पण निकालाची हमी दिलेली नाही. ‘आय'ल गेट बॅक टू यू’ त्याहून बरं, निदान उत्तर मिळेल. त्याला ‘बाय थर्सडे’ जोडलेलं असेल तर विश्वास ठेवा. ‘आय'ल सॉर्ट इट आउट’ हे सगळ्यात जड: मार्गी लावतो. हे वाक्य उगाच उच्चारू नका. ते म्हटल्यावर समोरचा माणूस तो विषय डोक्यातून काढून टाकतो आणि सगळं ओझं तुमच्यावर येतं.

जबाबदारी घेऊन तडीस नेणं ‘गो थ्रू विथ’, आणि ऐनवेळी अंग काढून घेणं ‘बॅक आउट’. ‘आय'म काउंटिंग ऑन यू’ म्हणजे सारी भिस्त तुझ्यावर. एखाद्यानं हे म्हटल्यावर ‘आय'ल ट्राय’ एवढंच उत्तर देऊ नये, ते फार थंड लागतं. ‘आय'ल बी देअर’ म्हणा, किंवा जमणार नसेल तर तसं स्पष्ट सांगा.

पायरी 7: शेवटचा ‘इंग’

‘तुम्हाला भेटायला उत्सुक आहे’ हे अर्जाच्या शेवटी सगळे लिहितात, आणि निम्म्या अर्जांत ते ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’ असतं. हवं ‘टू मीटिंग यू’. हा ‘टू’ त्या जोडीची शेपटी आहे, म्हणून त्यापुढे नामासारखं रूप लागतं. तपासायचं कसं? क्रियापदाच्या जागी एखादं नाम ठेवून बघा: ‘लुकिंग फॉरवर्ड टू दिवाळी’ चालतं ना? मग ‘मीटिंग’च. ‘गोइंग टू’मधला ‘टू’ वेगळा, तिथे ‘गोइंग टू मीट’. ‘प्लॅन ऑन’, ‘थिंक ऑफ’, ‘गिव्ह अप’, ‘पुट ऑफ’ यांच्यापुढेही ‘इंग’च: ‘आय'म थिंकिंग ऑफ टेकिंग अप स्विमिंग.’ आपलं लाडकं ‘थिंकिंग टू गो’ इथेच सुधारतं: ‘थिंकिंग ऑफ गोइंग’.

कामाच्या औपचारिक पत्रात मात्र हात आवरा. नोटिशीत मराठी माणूस ‘स्थगित’ लिहितो आणि घरी ‘पुढे ढकललं’ म्हणतो. तसंच तिकडे कागदावर ‘पोस्टपोन’, तोंडी ‘पुट ऑफ’. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, दरबारात फ्रेंच बसली, आणि त्या वाटेनं आलेल्या लॅटिन-फ्रेंच शब्दांचा भारदस्तपणा अजून टिकून आहे. स्वयंपाकघरात जुने ठेंगणे शब्दच राहिले, ‘पुट’, ‘गेट’, ‘सेट’, ‘टेक’. फ्रेजल व्हर्ब मुख्यतः त्यांचीच बनतात.

सराव

वही उघडून याद्या करू नका. रात्री झोपण्यापूर्वी उद्याचे तुमचे खरेखुरे पाच बेत आधी मराठीत म्हणा, आपण घरात म्हणतो तसे. मग प्रत्येकाचा काळ ओळखा आणि इंग्रजीत म्हणा. परवा वर्गातल्या एका काकांनी असं केलं. त्यांचं मेडिकलचं दुकान आहे आणि मुलगा कॅनडात. त्यांची वाक्यं अशी होती:

‘आय'म पिकिंग माय वाइफ अप फ्रॉम द स्टेशन ॲट सेवन.’ तिकीट काढलेलं होतं, म्हणून ‘पिकिंग’.

‘आय'म गोइंग टू सॉर्ट आउट द ओल्ड स्टॉक.’ मनाशी ठरवलेलं.

‘आय'ल कॉल माय सन व्हेन आय गेट बॅक.’ इथे ‘व्हेन आय विल’ जिभेवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं.

‘माय ब्रदर इज कमिंग ओव्हर.’ भावाचा फोन येऊन गेला होता.

पाचवं वाक्य दाताच्या डॉक्टरांबद्दल होतं. ते दोन महिने चुकवत होते. थोडा विचार करून म्हणाले, ‘आय'म गोइंग टू पुट ऑफ इट.’ मागच्या बाकावरून दोघी-तिघी एकदम ओरडल्या, ‘पुट *इट* ऑफ!’ काकांनी वाक्य दुरुस्त केलं. दात अजून तसाच आहे.